स्पीड २२ वरच अडकलाय, आणि चुकांचं तर विचारूच नका

थिवीकरीण
१२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी थिवीची. बीकॉम झाल्यावर सहा महिन्यांपासून म्हापशाला एका खासगी ऑफिसात डेटा एन्ट्रीला जाते. हातानं भरलेले कागदी फॉर्म येतात, ते एक्सेलमध्ये चढवायचे. नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, पिन, फोन, आधार, रक्कम. दिवसाला ऐंशी व्हायला पाहिजेत. माझे साठच्या वर जात नाहीत आणि त्यातले आठ-दहा चुका काढून परत येतात, ते दुसऱ्या दिवशीच्या डोक्यावर.

शिवाय सरकारी एलडीसीसाठी, म्हणजे कनिष्ठ कारकुनाच्या पदासाठी, तयारी करतेय. जाहिरातीत बारावी, कॉम्प्युटरचं ज्ञान, मिनिटाला ३० शब्द टायपिंग, कोकणी यायला हवी, मराठी आली तर बरं, एवढंच असतं. बाकी सगळं आहे, ३० तेवढे नाहीत. ऑनलाइन टेस्ट दिली की २२ येतात, अचूकता ९१ टक्के. चार बोटांनी, खाली बघून टाइप करते. शाळेपासून तशीच सवय.

आधी काय सुधारू? स्पीड की चुका? आणि आता चोविसाव्या वर्षी दहा बोटं शिकणं होतं का?

पात्रांव_बार्देश
१२ जून, रात्री ९:५२

क्लास लाव. मोबाइलवर व्हिडिओ बघून टायपिंग आलेला माणूस मी अजून बघितला नाही.

फोंड्याचे_मास्तर
१२ जून, रात्री ११:१५

बाय, २२ आणि ९१ हे आकडे तू दोन तक्रारी म्हणून लिहिलेस. दुखणं एकच आहे.

टायपिंगमध्ये शब्द म्हणजे पाच ठोके, स्पेस धरून. ३० शब्द म्हणजे मिनिटाला १५० आणि तासाला ९,००० ठोके. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शनच्या जाहिरातीत हेच गणित छापलेलं असतं: इंग्रजी ३५ म्हणजे तासाला १०,५००, हिंदी ३० म्हणजे ९,०००. तिथं डेटा एन्ट्री ऑपरेटरच्या बऱ्याच पदांना ८,००० पुरतात, म्हणजे सत्तावीसेक शब्द. काही पदांना मात्र १५,००० मागतात, ते वेगळं प्रकरण.

आता तुझं बघू. २२ म्हणजे मिनिटाला ११० ठोके. त्यातले नऊ टक्के चुकले, म्हणजे दहा. प्रत्येक चुकीला एक बॅकस्पेस आणि एक नवं अक्षर. वीस ठोके तिथंच गेले, म्हणजे चार शब्द. नुसत्या चुका थांबल्या तर बोटं आहेत तेवढ्याच वेगानं चालवून तू २६ वर आहेस. शिवाय चुकल्यावर मान वर करायची, स्क्रीन बघायची, परत कागदावर ओळ शोधायची, ते मी धरलंच नाही. तुझी बोटं मंद नाहीत, ती फक्त मागे-पुढे फार करतात.

चोविसाव्या वर्षी होतं का म्हणतेस. माझ्याकडे पंचायतीतून निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिलेला एक गृहस्थ आला होता, मुलीला ईमेल लिहायचे म्हणून. त्याची बोटं बसली.

करायचं एवढंच. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो, तो दोन्ही तर्जन्यांना न बघता सापडला पाहिजे. डावीकडे ए-एस-डी-एफ, उजवीकडे जे-के-एल आणि अर्धविराम. पहिले चार दिवस हीच ओळ. बोट वरच्या किंवा खालच्या ओळीत जाऊन परत घरी यायला हवं. मग हातांवर पंचा टाक. टाइपरायटरच्या दिवसांत आम्ही पोरांच्या हातांवर रुमालच टाकायचो, चोरून बघायची सोयच नाही.

रोज सकाळी वीस मिनिटं, रात्री वीस. सलग दोन तास बसशील तर शेवटचा तास चुकांचीच प्रॅक्टिस होते.

आणि ठेका सांभाळ. येणारी अक्षरं भरधाव आणि न येणाऱ्यांपाशी अडखळणं, ही सगळ्यांची खोड. यंत्रावर असं केलं की दोन दांड्या एकमेकींत अडकायच्या आणि बोटाला शाई लावून त्या सोडवायला लागायच्या, म्हणून शिस्त आपोआप लागायची. कीबोर्ड काहीच बोलत नाही, चुपचाप चूक घेतो. माझ्या क्लासात सर्वांत लवकर बोटं बसली ती भजनात तबल्याला बसणाऱ्या पोराची. स्पीड त्याचा सुरुवातीला कमीच होता, पण टिपक्यासारखा एकसारखा.

एक मात्र आत्ताच सांगून ठेवतो. दहा बोटांवर गेलीस की पहिले पंधरा दिवस २२ चे १२ होतील. तेव्हा लोक कंटाळून परत चार बोटांवर येतात.

थिवीकरीण
१३ जून, सकाळी ७:०५

सर, १२ झाले तर ऑफिसात साठचे तीस फॉर्म होतील. सुपरवायझर मला दारातही उभं करणार नाही.

फोंड्याचे_मास्तर
१३ जून, सकाळी ७:३०

ऑफिसात अजून तीन आठवडे चार बोटांनीच चालू दे. घरी दहा. घरचा स्पीड २० च्या वर गेला की ऑफिसातही बदल. दोन्ही सवयी थोडे दिवस एकत्र नांदतात, काही बिघडत नाही.

डिचोलकर_०४
१३ जून, दुपारी १:२०

मास्तरांचं सगळं मान्य, पण उतारा टाइप करणं आणि फॉर्म भरणं ही दोन वेगळी कामं आहेत. एलडीसीला उतारा. तुझ्या पोटापाण्याला आकडे. फॉर्ममध्ये पिन, फोन, आधार, रक्कम असे चार रकाने आकड्यांचे. ते तू वरच्या ओळीतल्या कळांनी टाकतेस ना? तिथंच वीस फॉर्म राहतात.

मी एका खाणीच्या वजनकाट्यावर ऑपरेटर होतो, २०१२ ला खाणी बंद पडल्या तोवर. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, नंबर टाक, वजन टाक, चिठ्ठी फाड, पुढचा. मागे डोंगरापर्यंत ट्रकांची रांग आणि प्रत्येकाला आज एक खेप जास्त मारायची असते. लाल धुळीनं कीबोर्डवरची अक्षरं पुसलेली, तरी कोणाचं अडलं नाही, कारण बघत कोणीच नव्हतं.

नमपॅडवर, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या कळांवर, हात असा: तर्जनी ४ वर, मधलं बोट ५ वर, अनामिका ६ वर. ५ ला उंचवटा असतो, एफ-जे सारखाच. वरचे ७-८-९ आणि खालचे १-२-३ त्याच बोटांनी. शून्याला अंगठा, एंटरला करंगळी. लॅपटॉपला नमपॅड नसेल तर यूएसबीचा वेगळा मिळतो, फार महाग नाही. कागद डाव्या बाजूला ठेव आणि पानं डाव्या हातानं उलट. उजवा हात पॅडवरून उठता कामा नये. आठवडाभरात हाताला कळतं. पिनकोडवर सराव कर, ते नाहीतरी रोजचेच: ४०३००१ पणजी, ४०३५०७ म्हापसा, ४०३४०१ फोंडा, ४०३६०१ मडगाव, ४०३८०२ वास्को. ४०३ तर डोळे मिटून यायला लागेल.

आता माझी चूक सांगतो, कारण ती माझीच होती. एका संध्याकाळी जीए-०४ चा ४७३८ नंबरचा ट्रक मी ४३७८ म्हणून टाकला. खेप गेली दुसऱ्याच्या खात्यात. आठवड्यानं पैसे वाटले तेव्हा एकाला जास्त मिळाले, त्याला ते कळलं नाही किंवा कळूनही गप्प बसला. दुसरा माझ्या दारात. घरी, ऑफिसात नव्हे. आई म्हणाली, कोण आलंय बघ.

तेव्हा आमच्या अकाउंटंटनं एक खूण शिकवली ती अजून कामाला येते. दोन शेजारचे अंक उलटे पडले तर खऱ्या आणि चुकीच्या आकड्यातल्या फरकाला नेहमी ९ नं भाग जातो. ४७३८ वजा ४३७८ म्हणजे ३६०. वजन १०.६३ टन होतं आणि मी १०.३६ टाकलं, तर फरक ०.२७. कारण साधं: अंक एका घरातून दुसऱ्या घरात गेला की त्याची किंमत दहापट होते नाहीतर दहाव्या हिश्श्याला येते, आणि दहातून एक गेला की नऊच. बेरीज जुळत नसेल तर आधी फरक ९ नं भागून बघायचा, मग शोधायला लागायचं.

पात्रांव_बार्देश
१३ जून, दुपारी १:३३

हे शाळेत कोणी सांगितलं नव्हतं रे.

मठग्रामी
१३ जून, रात्री १०:०२

मी मडगावला रेकॉर्डच्या कामात बारा वर्षं आहे. माझ्या मते गोव्यात डेटा एन्ट्री करणाऱ्याचा वेळ बोटांत जात नाही, वाचण्यात जातो.

थिवीकरणीला विचारतो, गावाचं नाव भरताना किती वेळा थांबतेस? आपण तोंडानं पेडणे म्हणतो, इंग्रजीत पेर्नेम. डिचोलीचं बिचोलिम, साखळीचं सॅन्केलिम, माशेलचं मार्सेल, हळदोण्याचं आल्दोना, काणकोणचं कानाकोना. फॉर्म मराठीतून भरलेला असला आणि रकाना इंग्रजी असला की प्रत्येक गावाला डोक्यात उलथापालथ. त्यात एकानं म्हापसा लिहिताना पी-यू घातला, दुसऱ्यानं पी-एच-यू. शेवटी फिल्टर लावला तर म्हापसा पाच प्रकारचा निघतो.

याला औषध टायपिंग नाही. एका शीटवर तुझ्या कामात येणाऱ्या सगळ्या गावांची यादी कर, एकच स्पेलिंग, आणि त्या रकान्याला डेटा व्हॅलिडेशनची लिस्ट लाव, म्हणजे यादीतलंच नाव निवडता येतं. मग ऑल्ट आणि खालचा बाण दाबला की यादी उघडते. तालुका तर बारा-तेरा नावांच्या पुढं जात नाही, तो टाइप करायचाच कशाला?

आडनावांचं मात्र उलटं. तिथं यादी नको, कागदावर जे आहे तेच. नाईक कोणी एन-ए-आय-के लिहितो, कोणी जुन्या पोर्तुगीज वळणानं एन-ए-आय-क्यू-यू-ई. कामतांच्या एका घरात आजोबांच्या कागदावर कामोतिम असतं. डिसोझा अपॉस्ट्रॉफी देऊन, जोडून आणि डी-ई वेगळं काढून, असा तीन तऱ्हांनी बघितलाय. फर्नांडिस आपल्याकडे शेवटी एस, झेड नव्हे; झेड हे स्पॅनिश वळण. नवी मुलं शहाणपणानं 'बरोबर' करून टाकतात आणि मग त्या माणसाचं नाव दोन दाखल्यांवर दोन तऱ्हेचं. तो बिचारा त्यानंतर सहा महिने प्रतिज्ञापत्रं करत फिरतो.

आणखी एक. जुन्या माणसांचा १ बघितलास का? वरून लांब शेंडी काढतात, थेट ७ वाटतो. पण तीच माणसं ७ च्या पोटात आडवी रेघ मारतात. एका माणसाच्या फॉर्ममध्ये एकदा ७ कसा काढलाय ते बघून घ्यायचं, मग बाकीचे आकडे वाचायचे. मी फॉर्म हातात आला की आधी फोन नंबरकडे बघतो, त्यात बहुतेक सगळे अंक सापडतात.

थिवीकरीण
१३ जून, रात्री १०:३०

अरे देवा. परत आलेले फॉर्म आत्ता काढून बघितले. नऊपैकी चार १ आणि ७ चे आहेत! दोन आधारचे आहेत, ते मला कळत नाहीत. मी नीट टाकलं होतं, पण शीटमध्ये ४ पॉइंट काहीतरी ई प्लस ११ असं दिसतंय.

मठग्रामी
१३ जून, रात्री १०:४८

ते तुझं पाप नाही, एक्सेलचं आहे. साध्या सेलमध्ये बारा किंवा जास्त अंकी आकडा टाकला की तो असा आखडून दाखवतो. आधार बारा अंकी, म्हणून बरोबर तिथंच होतं. आत आकडा शाबूत असतो, पण कोणी ते दिसतंय तसं कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की गेला. सोळा अंकी कार्ड नंबराचं त्याहून वाईट: एक्सेल पंधरा अंकच लक्षात ठेवतो, सोळाव्याचं शून्य करून टाकतो, आणि ते परत येत नाही.

म्हणून आधार, फोन, खाते नंबर हे रकाने टाइप करायच्या आधीच टेक्स्ट करून ठेवायचे. या आकड्यांची कधी बेरीज करायची असते का? नाही. मग ते आकडे नव्हेतच, नावंच आहेत. खाते नंबराच्या पुढची शून्यंही त्यामुळे राहतात.

तारखेलाही जप. मशीनची सेटिंग अमेरिकन असेल तर ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल न धरता चार मार्च धरतो, गुपचूप. १३/०४ टाकलं की तेरावा महिना नसल्यामुळे ते टेक्स्ट म्हणून डावीकडे चिकटतं. तारखांच्या रकान्यात काही डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की तिथंच थांब. डावीकडच्या निदान दिसतात तरी. उजवीकडच्यांतल्या कितीतरी उलट्या झालेल्या असतात.

आणि ऑटोकम्प्लीट बंद कर. वर कुठं 'मारिया फर्नांडिस' असेल तर खाली 'मारिया' टाकून एंटर मारलं की तो अख्खी फर्नांडिस बसवतो. ही चूक वाचताना सापडत नाही, कारण स्पेलिंग अगदी बरोबर असतं.

लॅपटॉपवाला
१४ जून, सकाळी ११:१०

मी एका टेस्टच्या तयारीत वाचलं की बॅकस्पेस वापरायचाच नाही, चूक झाली तरी पुढं जात राहायचं, स्पीड आपोआप वाढतो. थिवीकरणीनं तेच करावं.

डिचोलकर_०४
१४ जून, सकाळी ११:२५

आधार नंबरात एक अंक चुकला आणि पुढं गेलास, तर तुझा स्पीड कोणाला दाखवणार? मालकाला?

लॅपटॉपवाला
१४ जून, सकाळी ११:३१

टेस्टचं बोलतोय मी, काट्याचं नाही.

फोंड्याचे_मास्तर
१४ जून, दुपारी ४:००

दोघेही बरोबर आहात, भांडू नका. सराव करताना बॅकस्पेसला हात लावू नये, कारण ज्याला माहीत असतं की मिटवता येतं त्याचं बोट निष्काळजी होतं. पान झाल्यावर लाल पेनानं चुका मोजायच्या आणि कोणतं अक्षर चुकलं ते लिहून ठेवायचं. आठवड्यानं बघितलं तर निम्म्या चुका चार-पाच कळांच्याच निघतात, बहुधा करंगळीच्या. मग त्याच कळांचे शब्द घोटायचे. कामात मात्र सेल सोडायच्या आधी दुरुस्त. परीक्षेत काय करायचं ते त्या परीक्षेच्या सूचना वाचून ठरवा. कुठं चूक मोजतात, कुठं शब्दच कापतात.

आणि ९८ टक्के ऐकून कोणी खूश होऊ नका. थिवीकरणीच्या फॉर्ममध्ये साधारण दोनशे अक्षरं आणि अंक धरू. ९८ टक्के म्हणजे फॉर्मला चार चुका. एकही फॉर्म धड नाही. निबंध टाइप करताना ९८ ला माणूस दाद देतो, फॉर्ममध्ये तो सगळे परत पाठवतो.

मठग्रामी
१४ जून, दुपारी ४:४०

मास्तरांच्या हिशेबाला जोडून. अंक टाकताना शंभरात एकच चुकतो असं धरलं, तरी बारा अंकी आधार शंभर टाकले की त्यातले अकराएक चुकीचे निघतील. आधारची एक सोय आहे: शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, व्हर्होफ नावाच्या डच गणितज्ञाच्या पद्धतीनं. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटे झाले तर ती पद्धत पकडते. कोणी जाणता असेल तर शीटमध्ये तसं सूत्र बसवून घे. जीएसटी नंबरालाही असा तपासणीचा अंक शेवटी असतो, आणि गोव्याचा जीएसटी ३० नं सुरू होतो. ३ च्या जागी ८ पडला की तिथंच कळतं. फोन नंबराला असलं काही नाही. तो दोनदा वाचणं, दुसरा इलाज नाही.

मोठ्या कामांत दोन माणसं वेगवेगळं टाइप करतात आणि मशीन फक्त जिथं फरक तिथं थांबतं. पंचकार्डांच्या काळापासूनची रीत आहे ही. परवडत असेल तिथं याच्या तोडीचं काही नाही.

वास्को_लोकल
१५ जून, रात्री ८:१५

थोडं विषयाला सोडून, पण डेटा एन्ट्री शोधणारे हा धागा वाचतील म्हणून लिहितो. व्हॉट्सअपवर येतं ना, 'घरबसल्या फॉर्म भरा, आठवड्याला एवढे हजार', त्याच्या वाटेला जाऊ नका. माझी बहीण फसली. आधी ऑनलाइन करारावर सही, मग लॉगिन. पाच-सहाशे फॉर्म, मुद्दाम अस्पष्ट स्कॅन केलेले. पाच दिवस रात्रंदिवस बसली. मग म्हणे अचूकता ९० टक्क्यांच्या खाली, पैसे नाहीत, उलट करार मोडल्याबद्दल तुम्हीच भरा. दोन दिवसांनी वकिलाच्या नावानं नोटीस, कोर्ट, पोलिस. ती घाबरून पाच हजार पाठवायला निघाली होती.

अचूकता कोणी मोजली? त्यांनीच. कुठं चुकलं ते दाखवा म्हटलं तर फोन कट. हा धंदाच तो आहे, फॉर्म भरून कोणाला नकोच असतात. अशी नोटीस आली तर पैसे पाठवू नका, १९३० वर फोन करा, तो सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. पैसे गेले असतील तर तासाभरात केलात तर बरं.

शब्दकुटा
१६ जून, दुपारी १२:४५

कोकणी-मराठी टायपिंगचं कोणी काढलंच नाही. मी पणजीत डीटीपी करायचो. सरकारी कामात १९८७ च्या कायद्यानं देवनागरी कोकणी राजभाषा आणि मराठीही वापरता येते, त्यामुळे आज ना उद्या देवनागरी लागतेच. नव्यानं शिकणार असाल तर इनस्क्रिप्टच शिका, म्हणजे देवनागरी कळांची प्रमाण मांडणी. फोनेटिकमध्ये इंग्रजी स्पेलिंग जुळवत मराठी लिहिणं म्हणजे फोंड्याहून पणजीला मडगावमार्गे जाणं.

इनस्क्रिप्टमध्ये बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, स्वरांच्या खुणा डाव्या हाताला. के च्या कळेवर क, ई च्या कळेवर काना. 'काका' टाइप करून बघा: उजवा, डावा, उजवा, डावा. मास्तरांचा ठेका फुकटात मिळतो. शिफ्ट दाबलं की क चा ख, त चा थ, प चा फ. जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरवाल्यांना मात्र पहिल्या वेलांटीचा त्रास होतो, कारण यंत्रावर ती अक्षराच्या आधी मारायची आणि इथं नंतर. मला तो महिनाभर झाला. 'किती' लिहायला गेलो की वेलांटी मागच्या शब्दाला जाऊन चिकटायची.

थिवीकरीण
२ जुलै, रात्री ९:२०

मंडळी, अहवाल.

मास्तरांनी म्हटलं तसंच झालं. पाचव्या दिवशी ११ आले. आईच्या पंचानं हात झाकून बसले तर भाऊ म्हणाला, भूत लागलंय काय. दुसऱ्या आठवड्यात १५, काल २१, पण अचूकता ९७. चुकलेली अक्षरं लिहून ठेवली तर खरंच पी, क्यू, ए आणि अर्धविराम. चारही करंगळीची.

ऑफिसात नमपॅड घेतला, स्वतःच्या पैशानं. गावांची यादी लावली. सत्तर फॉर्म होतायत, अजून चार बोटांनीच, आणि परत येणारे दोन-तीन. सुपरवायझरनं यादी बघून ती बाकीच्या तिघींना द्यायला सांगितली. त्यात माझं नाव नाही, पण असो.

मनगट मात्र दुखतंय, उजवं. आणि परवा पावसात लाइट गेली आणि वीस फॉर्म गेले. कॉम्प्युटरला यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच मेलेली.

मठग्रामी
२ जुलै, रात्री ९:४४

जुलैच्या गोव्यात दर फॉर्मला कंट्रोल-एस. बोटाला लागलं पाहिजे ते, श्वासासारखं.

फोंड्याचे_मास्तर
२ जुलै, रात्री १०:१०

मनगट टेबलाच्या कडेवर टेकवतेस का? तसं असेल तर खुर्ची उंच कर, कोपर टेबलाच्या पातळीला येऊ दे, मनगट सरळ. कळा जोरात बडवू नकोस, यंत्र नव्हे ते. अर्ध्या तासानं हात खाली सोडून मुठी उघड-मीट. रात्री बोटं बधिर व्हायला लागली, विशेषतः अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन, तर डॉक्टरला दाखव, इथं विचारू नकोस.

थिवीकरीण
२० ऑगस्ट, सायंकाळी ७:५०

२९. अचूकता ९८. ऑफिसात आता दहा बोटांनी.

पण लिहायचं वेगळंच होतं. शुक्रवारी रकमेच्या रकान्याची बेरीज पावत्यांच्या बेरजेशी जुळेना. ६३ रुपयांचा फरक. सगळ्या जणी पहिल्या फॉर्मपासून वाचायला बसणार होत्या. मला काटा आठवला. ६३ ला ९ नं भाग जातो. ज्यांचे शेवटचे दोन अंक उलटे केले तर ६३ पडतील असेच आकडे शोधायचे, म्हणजे १८-८१, २९-९२ आणि ७०-०७. दहा मिनिटांत सापडला, २८१ चे २१८ झाले होते. माझ्याच हातचा होता, ते मी कोणाला सांगितलं नाही.

डिचोलकर भाऊ, देव बरें करूं.

डिचोलकर_०४
२० ऑगस्ट, रात्री ८:०५

बरें. पण फार विसंबू नको. मी एकदा ९०० च्या फरकापायी अख्खी दुपार उलटे अंक शोधत बसलो होतो. ९०० ची एक पावतीच चढवायची राहिली होती, आणि ती माझ्या कीबोर्डाखाली होती.